पुढच्या रांगेतली जागा

रत्नागिरीत घरांवर टीव्हीचे अँटेना दिसायला लागले, त्याच सुमाराला नाचाचे क्लासही निघाले. त्याआधी गाण्याचे होते, पेटीचे होते, शिवणाचे आणि टायपिंगचे तर गल्लोगल्ली होते. नाच मात्र शाळेच्या गॅदरिंगपुरता. बाईंनी घाईघाईत बसवायचा आणि गॅदरिंग झालं की सगळ्यांनी विसरायचा. मग वर्ष-दोन वर्षांत एकदम पाट्या लागल्या. प्रत्येक पाटीवर ‘शास्त्रोक्त नृत्यशिक्षण’ असं लिहिलेलं असे. शास्त्र कुठलं, ते कुठेच लिहिलेलं नसे.

मी तेव्हा वजने-मापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानांतले तराजू, वजनं, रॉकेलची मापं तपासायची. बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची. राजापूर, लांजा, नाटे अशी फिरती असे. या नोकरीत माणसाला एक खोड लागते. कोणी एखाद्या गोष्टीला ‘उत्तम’ म्हटलं, की ते कशाशी ताडून म्हटलं, असं तो विचारतो. घरच्यांना ही खोड आवडत नाही. पाहुण्यांना तर मुळीच नाही.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला नाचाचं वेड लागलं ते टीव्हीमुळे नव्हे. आमचं गाव आत, डोंगराच्या बाजूला. गिरणी बंद पडल्यावर माझा धाकटा भाऊ मुंबईहून कायमचा गावी आला होता. तो जाखडीत नाचायचा. जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि त्यांच्याभोवती गोल धरून गडी नाचतात, उजव्या पायात घुंगरांचे चाळ बांधून. गणपतीत गावी गेलो की ही पोरगी काकाच्या मागे गोलात शिरायची. बायका हसायच्या, म्हातारे ओरडायचे, पण ती काही बाहेर यायची नाही.

एकदा भाऊ मला म्हणाला, “दादा, पोरीच्या पायात ताल हाय. कुनी शिकवलान नाय, आपसूक हाय. तुज्या-माज्या आयशीची शपत, हिला नीट शिकव कुटंतरी.”

“कुठे शिकवू?”

“ता मला काय म्हाईत? शेरात तू रवतोस.”

मी शहरात राहत होतो हे खरं. म्हणून तिला क्लासला घातली. निवडायला काही वाव नव्हता असं नाही, पण बायकोने निवडला आणि मी मान हलवली. बाजारपेठेजवळ एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये हा क्लास भरे. गावात सर्वांत मोठा, सर्वांत नावाजलेला. चालवणारे मास्तर साधारण माझ्याच वयाचे. रेशमी झब्बा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. स्वतःला ते ‘गुरुजी’ म्हणवत. मुलींनी रोज वाकून नमस्कार करायचा आणि पालकांनीही केला तर ते अडवत नसत.

वर्षभर मुलगी जात राहिली. वर्षाच्या शेवटी पालकांना बघायला बोलावलं तेव्हा मी पहिल्यांदा तो हॉल नीट पाहिला. गुळगुळीत मोझेक फरशी, भिंतीवर मास्तरांचे पाहुण्यांबरोबरचे फोटो, कोपऱ्यात टेपरेकॉर्डर. मुली चार रांगांत उभ्या. रांगा उंचीप्रमाणे असतात अशी माझी समजूत. बघतो तर सर्वांत उंच मुलगी पहिल्या रांगेत मधोमध, आणि तिच्या पाठीमागे तीन बुटक्या मुली झाकून गेलेल्या. त्या तिघींत एक आमची.

“ती उंच मुलगी पुढे का?” मी बायकोला हळूच विचारलं.

“ती डॉक्टरांची.”

“मग?”

“मग काय मग? हॉलमधले पंखे कोणी दिले? तिच्या बाजूची वकिलांची. पलीकडची कंत्राटदाराची, ते रंगमंच बांधून देणार आहेत ना, त्यांची. तुम्ही वजनं तपासा हो. नाच मला बघू दे.”

मी नाचच बघत होतो. डॉक्टरांची मुलगी एकेक हावभाव शेजारणीकडे बघून करत होती. वकिलांची तालाच्या मागे होती, कंत्राटदाराची पुढे होती. टेप मात्र जोरात होती, त्यामुळे कोणाचा पाय कुठे पडतो ते ऐकू येत नव्हतं. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी डोळे मिटून हात जोडले. मुलगी धावत येऊन विचारायला लागली, “दिसले का मी?” आणि मी म्हटलं, “दिसलीस.” तिचा डावा हात दिसला होता, मधूनमधून.

त्यानंतर पंधरवड्यात मी बाजारात तपासणीला गेलो. काजूगर आणि किराण्याचं एक मोठं दुकान होतं. लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर आमचा शिक्का. आतलं शिसं पोखरून वर पातळ पापुद्रा ठेवला, की बाहेरून वजन तसंच दिसतं, शिक्काही तसाच दिसतो, आणि आत पोकळ. या दुकानातली निम्मी वजनं तशी होती. मी ती जप्त केली, पंचनामा केला, केस केली. दुकानदार गोरामोरा झाला, मग हसला, मग चहा मागवला. मी चहा घेतला नाही. हे सगळं नेहमीचंच.

नेहमीचं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घडलं. मुलगी क्लासहून धावत आली, धापा टाकत. पायातल्या चपला तिने अंगणात भिरकावल्या.

“आई! गुरुजींनी मला पुढे घेतलं! पहिल्या रांगेत! मधोमध! आणि दिवाळीच्या कार्यक्रमात मी राधा!”

बायकोने तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. साखर काढली. मीही खुश झालो. का होऊ नये? भाऊ म्हणत होता ते कोणाला तरी दिसलं, असं मला वाटलं. दोन दिवस मला तसंच वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी रविवारी मास्तर घरी आले. ते यापूर्वी कधी आले नव्हते. खुर्चीवर बसले, डोळे मिटले.

“तुमची कन्या म्हणजे रत्न आहे, साहेब,” ते म्हणाले. “मी इतक्या मुली पाहिल्या, पण असा पाय नाही. देवाची देणगी!”

मुलगी माजघराच्या दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मग तिची आई म्हणाली, “जा गं, विहिरीवर कपडे राहिलेत ते आण,” आणि ती नाचतच मागल्या दारी गेली.

ती गेल्यावर मास्तरांनी डोळे उघडले.

“एक जरासं बोलायचं होतं. ते काजूगरवाले माझे मेव्हणे.”

“असं?”

“तुम्हाला माहीत असेलच म्हणा.”

“मला माहीत नव्हतं.”

“माणूस भोळा आहे हो. गड्यांनी काय केलं त्याला काय ठाऊक! तुम्ही मनावर घेतलंत तर कागद थोडा सौम्य करता येईल. आपण आता एका घरातलेच झालो. उद्या राधा रंगमंचावर येईल तेव्हा मेव्हणे स्वतः पहिला हार घालतील.”

“मास्तर,” मी म्हटलं, “मुलीला पुढच्या रांगेत कधी घेतलंत?”

“अं? आता या आठवड्यात.”

“का घेतलंत?”

“गुण साहेब, गुण! दुसरं काय?”

“वर्षभर तो गुण कुठे होता?”

मास्तर हसले. “तुम्ही प्रत्येक गोष्ट तोलायला बघता. कलेत आणि धंद्यात थोडं इकडेतिकडे चालायचंच.”

मी उठून उभा राहिलो. एवढ्यावर शहाण्या माणसाने निघावं. पण ते निघाले नाहीत. उंबऱ्याशी थांबून म्हणाले, “पोरीचं मन मोडू नका बरं का. फार हौशी आहे.” या वाक्याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या पोकळ वजनांचीही आली नव्हती. वजनांना निदान बोलता येत नाही.

आता मला दुसरा क्लास शोधणं भाग होतं. बायकोला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला, आणि म्हणाली, “मेला नालायक आहे, कबूल. पण राधा मिळालीय पोरीला. दिवाळी होऊ दे, मग काढू. तुमची केस तुम्ही चालवा, त्याला कोण अडवतंय?”

“म्हणजे हार मेव्हण्याकडून घालून घ्यायचा आणि मग केस चालवायची?”

“तुम्हाला बोलण्यात कोण हरवणार!”

मुलीला मी एवढंच सांगितलं, की आपण आणखी क्लास बघून येऊ. ती म्हणाली, “कशाला? माझा चांगलाय.”

पहिला बघितला तो एका बाईंचा, त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्या कोपऱ्यात मिटलेल्या मोदकाच्या साच्यासारखा घट्ट चेहरा करून बसल्या होत्या आणि क्रोशाचं तोरण विणत होत्या. टेप चालू होती. मोठ्या मुली धाकट्यांना दाखवत होत्या आणि धाकट्या आपापसात चिमटे काढत होत्या. बाईंनी एकदाही मान वर केली नाही. मी विचारलं, “तुम्ही कोणाकडे शिकलात?” त्या म्हणाल्या, “मुंबईला.” मी म्हटलं, “मुंबईला कोणाकडे?” त्या म्हणाल्या, “खूप जणांकडे.” आणि टाके मोजायला लागल्या.

दुसऱ्या क्लासची मोठी ख्याती अशी, की तिथल्या सगळ्या मुली परीक्षेत पहिल्या श्रेणीत येतात. माझ्या कचेरीतल्या एकाची मुलगी तिथे होती. तो मला परीक्षेच्याच दिवशी घेऊन गेला. परीक्षक आदल्या दिवशी मुंबईहून आलेले, क्लास चालवणाऱ्यांच्याच घरी उतरलेले. कोणी पापलेट आणायचं, कोणी कोलंबी, कोणी सोलकढी, हे पालकांना आधीच वाटून दिलेलं होतं. जेवणं झाल्यावर परीक्षा सुरू झाली. परीक्षक लोडाला टेकून बसले. त्यांचे डोळे मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. एक मुलगी मध्येच ताल चुकली, थांबली, तिला पुढचं आठवेना. ती रडायला लागली. परीक्षक दचकून जागे झाले आणि म्हणाले, “वा! भाव छान आहेत.” संध्याकाळी निकाल लागला तेव्हा तीही पहिल्या श्रेणीत होती.

“बघितलंस? शंभर टक्के,” माझा सहकारी म्हणाला.

“शंभर टक्के काय?”

“निकाल रे!”

ज्या तराजूवर काहीही ठेवलं तरी एकच आकडा येतो त्याला आम्ही खात्यात भंगार म्हणतो, असं मी त्याला सांगितलं. त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी धड बोलला नाही.

तिसऱ्या जागेचा पत्ता बायकोनेच आणला, हे मला नमूद केलं पाहिजे. भाजी मार्केटात तिला एक घाटावरच्या बाई भेटल्या होत्या. नवऱ्याची सरकारी बदली होऊन नुकत्याच आलेल्या. भरतनाट्यम् शिकवतात, पाटी नाही, घराच्या मागच्या पडवीत पाच-सहा मुली येतात. “पण त्या वर्षभर नुसता पाय आपटायला लावतात म्हणे,” बायको म्हणाली. “गाणं नाही, ड्रेस नाही, कार्यक्रम नाही. कोण जाणार अशा ठिकाणी?”

आम्ही दोघं गेलो, मी आणि मुलगी. पडवीची जमीन शेणाने सारवलेली. बाई म्हणाल्या, घरमालक फरशी घालून द्यायला तयार आहे, पण त्याच नको म्हणाल्या. फरशीवर रोज पाय आपटून पोरींचे गुडघे जातात. मला मंगल कार्यालयाची ती गुळगुळीत मोझेक फरशी आठवली. वर्षभर आमची पोरगी तिच्यावर पाय आपटत होती.

बाईंनी मुलीला उभं केलं. गुडघे बाहेरच्या अंगाला वाकवून अर्धवट बसायला लावलं. मग त्या चक्क पाठ फिरवून बसल्या, पुढे एक लाकडी ठोकळा घेतला आणि हातातल्या काठीने त्यावर ताल धरला.

“तुम्ही बघणार नाही?” मी विचारलं.

“ऐकते ना.”

मुलगी पाय टाकत राहिली. थोड्या वेळाने बाईंची काठी थांबली.

“आता डाव्यापासून सुरू कर.”

मुलगी गडबडली. डाव्या पायाने सुरू केलं की दोन ठोक्यांत ती पुन्हा उजव्यावर यायची. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मीही कान देऊन ऐकलं. उजवा पाय ठण् पडत होता आणि डावा नुसता टेकत होता. खरा तराजू आहे की खोटा, हे बघायला आम्ही माल आणि वजन यांची पारडी बदलून बघतो. वर्षभरात त्या मास्तरांनी ही एवढी साधी गोष्ट केली नव्हती. करायची गरजच त्यांना वाटली नव्हती. त्यांचं माप दुसरंच होतं.

“उजवीकडे एवढा भार कुठून आणलास गं?” बाईंनी विचारलं.

“काका तसाच नाचतो. जाखडीत.”

“म्हणजे कसं? करून दाखव बघू.”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मास्तरांनी एकदा जाखडीला ‘गावंढळ उड्या’ म्हटलं होतं, आणि तेव्हापासून ती शहरात कोणासमोर करत नसे. मी मान हलवली. तिने फ्रॉक खोचला आणि पडवीत गोल धरला. एकटीच होती, तरी मध्ये ढोलकी आणि भोवती गडी आहेत असं वाटावं. उजवा पाय असा पडत होता, की भिंतीतल्या खुंटीवरची पिशवी हलली.

बाई हसल्या. “अगं, किती छान! हे गणपतीत तिथंच कर, तसंच कर. ह्यातलं काही बदलू नको. पण इथं दोन्ही पाय लागतात. डावा तुझा झोपलाय. तो जागा करायचा तर वेळ लागेल. तोवर मी तुला एकही गाणं शिकवणार नाही. चालेल?”

“मी राधा आहे,” मुलगी म्हणाली. “दिवाळीत. तिकडच्या क्लासमध्ये.”

“मग तुझं तू ठरव.” आणि मला म्हणाल्या, “दोन्हीकडे नको. एकीकडे उजवा, एकीकडे डावा, असं व्हायचं.”

“हिला येतं का काही?” मी विचारलं.

“येत काही नाही,” त्या सरळ म्हणाल्या. “पण कान आहे. पुढं काय होईल ते मी आज नाही सांगू शकत.”

इतक्या दिवसांत कोणीतरी मोजून बोललं होतं. मला फार बरं वाटलं. मुलीला वाटलं नाही.

आम्ही मांडवीच्या धक्क्याकडे चालत गेलो. ऊन होतं, धक्क्यावर दोघं-तिघंच गळ टाकून बसले होते. मी तिला भेळ घेऊन दिली. तिने ती हातातच धरली.

“मी नाही येणार यांच्याकडे,” ती म्हणाली. “यांना काही कळत नाही. गुरुजी म्हणाले मी रत्न आहे.”

मी त्यांना शिव्या देऊ शकलो असतो. त्यापेक्षा जे झालं ते ओळीने सांगितलं. दुकान, वजनं, मेव्हणा, दुसऱ्या दिवशी बदललेली रांग, रविवारी घरी आलेले मास्तर. दहा वर्षांच्या मुलीला कळेल असं सांगितलं आणि तिला सगळं कळलं. मधे तिने एकच विचारलं, “पोकळ म्हणजे आतून?” मी म्हटलं, “आतून.”

ती धक्क्याच्या कडेला बसली.

“म्हणजे मी चांगली नाचत नाही?”

“ते त्यांनी बघितलंच नाही गं. म्हणून त्यांना विचारण्यात अर्थ नाही.”

“काका म्हणाला होता ना, पायात ताल आहे म्हणून?”

“म्हणाला होता.”

“काकाच्या दुकानाचं काही नाही ना?”

“काकाला दुकानच नाही.”

तिने भेळेचा कागद उघडला आणि खायला लागली. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवसापासून ती घाटावरच्या बाईंकडे जायला लागली. त्या मास्तरांनी गावात सांगितलं, की निरीक्षक साहेबांना राधेशिवाय आणखी काहीतरी हवं होतं. हे मला तिघांनी येऊन सांगितलं, आणि तिघांनीही सांगताना माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्यांना ते खरं वाटत होतं. केस चालायची तशी चालली.

दिवाळीचा कार्यक्रम आला तेव्हा मुलगी म्हणाली, “बघायला जाऊ या.” बायको म्हणाली, “कशाला जिवाला त्रास?” पण ती हट्टाला पेटली. मी तिला घेऊन गेलो. आम्ही मागे, खांबाच्या कडेला बसलो. स्वागत, सत्कार, पुन्हा सत्कार, मग पडदा. डॉक्टरांची मुलगी राधा झाली होती. टाळ्या पडल्या. मास्तरांच्या मेव्हण्याने हार घातला. तो स्टेजवरून खाली बघून हसत होता.

नाच सुरू झाला तशी मुलगी माझ्या कानाशी आली.

“बाबा, ती निळ्या साडीतली. तिचे बाबा काय करतात?”

“वकील आहेत ना ते.”

“आणि तिच्या बाजूची?”

“कंत्राटदार.”

“ती चुणीदारवाली?”

“मला माहीत नाही.”

“काहीतरी करत असणार,” ती म्हणाली आणि पुढच्या मुलीकडे वळली. असं तिने अख्ख्या पहिल्या रांगेचं केलं. नाच चालू होता, पण तिचं लक्ष नाचात नव्हतं. काही महिन्यांपूर्वी हीच मुलगी काकाच्या गोलातून कोणी ओढलं तरी बाहेर येत नसे. मी तिला खरं सांगितलं होतं, त्याचा मला पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही. पण त्या हारवाल्याने आणि त्या झब्बावाल्याने आमच्या घरात काय आणून टाकलं, ते तेव्हा मला कळलं. नाच बघायची तिची नजरच त्यांनी नासवली होती.

मी स्टेजवर शोधलं. शेवटच्या रांगेत, विंगेच्या अर्ध्या पडद्याआड एक बारीकशी मुलगी होती. अंगावर उरलेला, मोठ्या मापाचा ड्रेस. पण तिचा पाय अगदी तालावर पडत होता, आणि मान, डोळे, हात, सगळं एकाच वेळी थांबत होतं.

“ती बघ,” मी म्हटलं. “शेवटची. तिच्याकडे बघ.”

ती बघायला लागली. बघताबघता सीटच्या कडेवर आली. पुढे काही विचारायचं राहिलंच. संपल्यावर म्हणाली, “ती आमच्या शाळेत आहे. ब तुकडीत. तिचे बाबा मुंबईला असतात. गणपतीला येतात.” आणि थोड्या वेळाने, “ती चांगली नाचते ना?”

“फार चांगली.”

“मी तिला सांगू, आमच्या बाईंकडे ये म्हणून?”

“सांग.”

तिने सांगितलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत सांगितलं, तेही सगळ्यांदेखत. त्या मुलीने घरी विचारलं. ही बातमी मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये पोचायला फार दिवस लागले नाहीत. मास्तरांची एकेक मुलगी निघून जायला लागली तर पाटीला बट्टा लागला असता. पंधरा दिवसांनी आमची मुलगी शाळेतून आली ती दारातच ओरडत.

“बाबा, तिला पुढे घेतलं! पहिल्या रांगेत! शिमग्याच्या कार्यक्रमात ती कृष्ण! गुरुजी तिच्या घरी गेले होते, तिच्या आईला म्हणाले, तुमची मुलगी रत्न आहे!”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पेपर खाली ठेवला.

“ती येणार नाही आता आपल्या बाईंकडे,” मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पडलेला नव्हता. ती विचारात होती. “पण बाबा, ती पुढे उभी राहायलाच हवी होती ना? खरंच हवी होती ना?”

“हवी होती.”

“मग बरोबरच झालं ना?”

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला ‘हो’ ऐकायचं होतं आणि ते खरंही होतं. त्या माणसाने आयुष्यात एकदा योग्य मुलीला योग्य जागी उभं केलं होतं, आणि तेसुद्धा अशा कारणाने, की माझ्या तोंडातून ‘हो’ निघेना. त्याची मला तेव्हा जेवढी किळस आली, तेवढी आधी कधी आली नव्हती.

“उशीर होतोय,” ती शेवटी म्हणाली. पिशवी उचलली आणि बाईंकडे निघून गेली.